अक्काचे बुच्चे कान

माझी थोरली बहीण कानात वांगी घालून कॉलेजात जायची. खोटं नाही सांगत. हिरव्या देठाची जांभळी वांगी, बोटाच्या पेराएवढीसुद्धा नसतील, तारेच्या आकड्यांना लोंबत असायची. दुसऱ्या दिवशी लाल मिरच्या. तिसऱ्या दिवशी पोपट. एकदा तर तिनं गिरणीच्या चिमण्या केल्या होत्या, वर कापसाचा धूर चिकटवलेल्या. अप्पांनी ते बघून पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "आता भोंगा तेवढा वाजव, म्हणजे झालं."

आमच्या घरात मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढलेली असायची. आई म्हणजे अव्वा, वडील म्हणजे अप्पा, थोरली बहीण अक्का. मला अक्का 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. अप्पा नवी पेठेत एका कापडदुकानात दिवसभर गजानं कापड मोजायचे. आम्ही राहायचो ती गल्ली विणकरांची. सकाळपासून मागांची खटखट चालू. ती थांबली की आम्ही दचकायचो, एवढी सवय झाली होती.

डूल करायला अक्का शिवणक्लासात शिकली. शिळा पाव आणायचा, त्याच्या कडा काढायच्या, आतला पांढरा भाग चुरायचा आणि खळीत मळायचा. खळ शेजारच्या मावशी द्यायच्या. त्या तेलुगू, नवरा-बायको दोघं मागावर. सुताला ताठपणा यावा म्हणून त्यांच्याकडं चिंचोक्याची खळ शिजायची, त्यातली वाटीभर आमच्याकडं. अक्का तो गोळा तळहातावर असा मळायची की बघत राहावं. मग त्यात चिमूटभर मोरचूद. निळं विष ते. त्यानं बुरशी धरत नाही, किडामुंगी लागत नाही. "बोट तोंडात घातलंस तर मरशील, तंगी," असं दर वेळी सांगायची. जसं काही मी बोटं चोखत बसले होते! चौदा वर्षांची घोडी मी.

मला मात्र ते जमलं नाही. माझ्या हातचं वांगं बघून अक्का विचारायची, "हे वांगं हाय का बटाटा? दुकानात दोन्ही भाव सांगू काय?" मी चिडून गोळा भिंतीवर फेकायची. अव्वा चुलीपासून ओरडायची. तिला पहिल्यापासून हा प्रकारच पसंत नव्हता. दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते, रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊन आम्ही ते साल काढलं होतं. "अन्न कानात घालायचं!" अव्वा म्हणायची. "लाज वाटत न्हाय व्हय गं?" पण नवी पेठेतला बांगडीवाला ते डूल मागून घ्यायचा, आणि गावातल्या कॉलेजच्या पोरी दुकानात उभ्या राहून मिरच्याच पाहिजेत म्हणून भांडायच्या. अव्वाला मनातून लई कौतुक होतं. बोलून तेवढं दाखवायची नाही.

त्या वर्षी अक्काला कावीळ झाली. डोळे पिवळे पडले तेव्हासुद्धा आरशात बघून म्हणाली, "आता पिवळे डूल करते, मॅचिंग होतील." होटगीकडं एक बाई कावीळ उतरवायची, तिच्याकडं नेलं. तिचा पाला झाला, मग दवाखाना झाला. दवाखान्यातनं ती परत आली ती टांग्यात आडवी. मला वाटत होतं ती झोपलीय.

आमच्यात माणूस गेलं की आडवं नेत नाहीत. न्हाऊ घालून, विभूती लावून, फुलं घालून बसवतात, आणि बसलेलंच नेऊन मातीत ठेवतात. अक्काला बसवलं तेव्हा अव्वा आतल्या खोलीत बेशुद्ध पडली होती. बाकीचं सगळं नात्यातल्या बायकांनी केलं. मातीत सोनं जाऊ नये म्हणून एकीनं तिच्या कानातली सोन्याची फुलं काढून घेतली. रीतच आहे तशी, त्या बाईचं काही चुकलं नाही. पण काढलं त्या जागी दुसरं काही घालावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. कपाटात डबाभर डूल पडले होते.

अव्वा शुद्धीवर येऊन दारात आली तेव्हा अक्काला उचललं होतं. फुलांच्या माळांमधून तिचा एक कान दिसत होता.

"कानात काय न्हाय की गं तिच्या!" अव्वा किंचाळली. "थांबा की! पोर बुच्च्या कानानं चाललीय!"

कोण थांबतंय? लोक पुढं गेले, बायकांनी अव्वाला धरून ठेवलं.

बुच्चे कान म्हणजे अव्वाला अंगावर काटा. आमची फुलं सोनाराकडं दुरुस्तीला दिली तरी ती आमच्या कानात कडुनिंबाची काडी घालायची, आणि मगच ताटावर बसू द्यायची. काडी काढली तर पाठीत धपाटा. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. तिच्या आईनं तिला तसं केलं होतं, एवढंच.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि एका सकाळी अव्वा म्हणाली, "आली होती."

"कोण?"

"दारात उभी होती. दोन्ही हात कानांवर धरलेले. आत ये म्हटलं, आली न्हाय."

अप्पा म्हणाले, स्वप्न असेल. अव्वा म्हणाली, असेल की. पण त्या दिवशी तिनं भाकरी पुढ्यातनं सारली. "तिच्या कानात काहीतरी पडल्याबिगर माझ्या पोटात काय जायचं न्हाय," असं सरळ सांगितलं आणि उठली. आम्हाला वाटलं, एक दिवसाचं आहे. एक दिवसाचं नव्हतं. चहा घ्यायची, कधी घोटभर पेज. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. चालताना भिंत धरायची. मी शाळेतनं येताना गल्लीच्या तोंडाशी थांबून ऐकायची. रडण्याचा आवाज येत नसेल तर पुढं पाऊल टाकायची. आता हिलाही बसवून नेतील, दुसरं काही माझ्या डोक्यात नसायचं.

आणि दाराकडं मला बघवत नसे. संध्याकाळी दिवा लावताना मी उंबऱ्याकडं पाठ करायची. अक्का माझी होती, माझ्या अंथरुणात झोपणारी, माझे केस ओढणारी. पण हात कानांवर धरून उभी राहणारी ती कोण, मला माहीत नव्हतं. मला तिची भीती वाटायची आणि रागही यायचा. मेलीस ती मेलीस, वर आईला न्यायला आलीस? असं मी मनात तिला म्हणायची. मी जिवंत होते की! माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

अप्पांनी एक केलं. अक्काच्या सामानातली मोरचुदाची बाटली काढून गटारात ओतली. मला म्हणाले, "घरात विष नको आता." त्यांनी अव्वाचं नाव घेतलं नाही, मीही विचारलं नाही.

सोमवारी सोमवारी अव्वा मातीवर जायला लागली. बायकांनी तिथं जाऊ नये म्हणतात, पण तिला कोण अडवणार? कपाटातल्या डब्यातनं एक जोड घ्यायची, अक्काला ठेवलं होतं त्या मातीवर ठेवायची आणि मागं न बघता यायची. गेलेल्या माणसाला काही ठेवलं तर वळून बघायचं नाही, नाहीतर ते घेत नाही, अशी तिची समजूत. पुढच्या सोमवारी बघावं तर वांगी तशीच. मिरच्या तशाच. मोरचूद घातलेलं, वरनं नखांचं पॉलिश दिलेलं, त्याला काय होतंय? ऊन लागून थोड्या चिरा पडलेल्या, एवढंच. अव्वा घरी येऊन भिंतीला टेकायची. "घेईना," म्हणायची. "रुसलीय माझ्यावर."

त्यातच एकदा अप्पांचा डबा द्यायला आम्ही दोघी नवी पेठेत गेलो. गर्दीत अव्वानं एकदम माझा हात सोडला आणि एका पोरीच्या मागं चालायला लागली. पोरीच्या कानात मिरच्या होत्या. अव्वानं जवळ जाऊन तिच्या कानालाच हात लावला. पोर घाबरली, मग मला ओळखून हसली. अक्काच्याच कॉलेजातली, तिच्या ओळखीची.

"तुमच्याच मुलीनं केलेत की हो," म्हणाली. "हल्ली दिसत न्हाय ती?"

"हाय की," अव्वा म्हणाली. "घरीच हाय."

ती पोर बरं म्हणून निघून गेली. अव्वा तिच्या कानांकडं बघत उभी राहिली. मी तिला दंडाला धरून कडेला ओढलं, नाहीतर रिक्षाखाली आली असती. मला रस्त्यात उभं राहून बोंब ठोकावीशी वाटत होती. घरी कोण आहे? कोण आहे घरी?

मार्ग दाखवला तो शेजारच्या मावशींनी. त्या पेज घेऊन आल्या होत्या, अव्वानं वाटी परत सारली. मावशी म्हणाल्या, "अय्यो, विकायला केलेलं ती कशी घेईल? तिच्यासाठी म्हणून नवीन करा की कुणीतरी." त्या सहज बोलल्या. अव्वानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. किती दिवसांनी बघितलं! मी म्हटलं, करते.

म्हटलं खरं, पण घरात होतं काय? पाव आणला. खळ मावशींनी दिली. मोरचूद गटारात गेलेलं, रंग सुकून खडे झालेले. वांगी-मिरच्या मला जमणार नव्हत्याच. म्हणून मी शेंगा करायच्या ठरवल्या, भुईमुगाच्या. ओबडधोबड झाल्या तरी शेंगच दिसणार. रंगाला गुळाचं पाणी घेतलं, पावाच्या गोळ्यात तेच मळलं. अक्काच्या जागेवर, खिडकीखाली, तिच्याच पाटावर बसले होते. मळता मळता लक्षात आलं की माझा अंगठा तिच्यासारखा वळतोय. मी कधी शिकले नव्हते तसं. मी हात थांबवला आणि मागं बघितलं. कुणी नव्हतं. पलीकडं माग चालू होते. मी घाईघाईनं शेंगा पुऱ्या केल्या आणि पाटावरून उठले.

सोमवारी अव्वानं त्या नेऊन ठेवल्या. पुढच्या सोमवारी ती गेली आणि जवळजवळ पळत घरी आली. पायात वहाण एकच.

"घेतल्या!" म्हणाली. "घेतल्या गं पोरीनं! मातीवर काय न्हाय!"

आणि भाकरी मागितली. ज्वारीची अख्खी भाकरी, शेंगाचटणी, वर तेल. खाताना रडत होती आणि खात होती. अप्पा दुकानातनं आले, त्यांनी बघितलं, आणि ते बाहेर जाऊन गल्लीत उभे राहिले. पुरुष माणूस, आत कसं रडणार?

मग दर आठवड्याला माझं काम ठरून गेलं. शेंगा, कधी मोदकासारखं काहीतरी, कधी नुसते मणी. गुळाचं पाणी मात्र दर वेळी, कारण तो रंग अव्वाला आवडला होता. अव्वाच्या गालांवर मांस धरायला लागलं. मला नावानं हाक मारायला लागली. दारात आता कुणी उभं राहत नव्हतं म्हणे. मला मात्र आता जास्त भीती वाटायला लागली होती. आधी नुसतं स्वप्न होतं, आता तर ती माझ्या हातचं घेत होती. रात्री अंथरुणात मी हात पोटाशी आवळून झोपायची.

न राहवून एकदा शाळा बुडवून मी एकटी तिथं गेले. भर दुपार. मातीवर, वाळक्या फुलांत, तारेचे दोन आकडे पडले होते. अव्वाला बारीक दिसायचं नाही, तिला ते कधी दिसले नव्हते. आणि आकड्यांपासून मुंग्यांची रांग निघाली होती. तांबड्या मुंग्या, प्रत्येकीच्या तोंडात पावाचा कण.

मी खाली बसले आणि हसले. खरंच हसले, एकटीच. एवढंच होतं तर! मग हसू गेलं, कारण अव्वाचं ताट आठवलं. हे तिला कळलं तर ताट पुन्हा सारलं जाणार. मी आकडे उचलून परकराच्या खिशात घातले, आजूबाजूचेही शोधून काढले. तेव्हापासून सोमवारच्या आधी कधीतरी जायचं आणि आकडे वेचून आणायचे, हेही माझं काम झालं. अप्पांना सांगितलं नाही. सांगून काय करणार होते?

असं बरंच चाललं. मग अक्काचा वाढदिवस आला. अव्वानं त्या दिवसासाठी मोठे डूल करून घेतले, शेंगांचे झुबकेच. "चल तू पण," म्हणाली. दोघी गेलो. सकाळची कोवळी उन्हं होती. अव्वानं माती हातानं साफ केली, डूल ठेवले, आणि मी उठायला लागले तर ती खाली बसली.

"अव्वा, चल की. वळून बघायचं न्हाय म्हणतीस ना?"

"आज बघणार," अव्वा म्हणाली. "ती कशी घेते ते बघूनच जाणार. एकदा हात तरी दिसू दे तिचा."

"न्हाय येणार ती तू बसलीस तर," मी म्हटलं. "रुसेल परत. चल, भाकऱ्या करायच्यात. अप्पांचा डबा हाय." जे सुचेल ते बोलत सुटले. हाताला धरून ओढलं. इतके दिवस जेवून तिच्या अंगात जोर आला होता, ती जागची हलली नाही.

"बस हितं," म्हणाली.

बसले. दोघींनी मातीकडं बघितलं. फार वेळ लागला नाही. पहिली मुंगी आली ती डुलाभोवती फिरून गेली. मग आणखी आल्या. मग रांगच लागली. मी पुढं झुकून हातानं त्या झटकायला लागले, चपलेनं रगडायला लागले. "कुठनं मेल्या आल्या ह्या," असं काहीतरी बडबडत होते आणि माझं मलाच रडू यायला लागलं होतं.

अव्वानं माझं मनगट धरलं. "थांब," म्हणाली.

ती वाकली, पार डोळा मातीला लागेपर्यंत वाकली. शेंगेचा तुकडा घेऊन एक मुंगी चालली होती, तिच्यामागं अव्वाची नजर चालली. मातीला जिथं भेग पडली होती तिथं ती रांग पोचत होती आणि आत उतरत होती. एक गेली, दुसरी गेली. आतनं रिकाम्या वर येत होत्या. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. सगळं संपलं असं मला वाटलं. मी म्हटलं, "अव्वा, मला माहीत होतं. तू खात नव्हतीस म्हणून बोलले न्हाय."

तिनं ते ऐकलंच नाही.

"खाली नेतात की गं," ती हळूच म्हणाली. "बघ. खाली तिच्यापाशीच नेतात. पोचवतात." तिचा चेहरा उजळला होता. असा चेहरा मी अक्का असतानाही बघितला नव्हता.

मग तिनं तळहात त्या भेगेच्या तोंडावर ठेवला. वर येणाऱ्या मुंग्या तिच्या बोटांवर चढल्या, मनगटावर गेल्या, बांगड्यांतनं वर कोपराकडं निघाल्या. कातडी तांबडी होत होती ती मला दिसत होती.

"अव्वा, हात काढ! चावतायत!"

"चावू दे की," अव्वा म्हणाली. "तिच्याकडनं आल्यात त्या."